ऑरिननं दिलेला डबा

ऑरिन हॉगननं आजवर कुणाला काही फुकट दिल्याचं व्हर्लाला आठवत नव्हतं. म्हणून मंगळवारी तो तिच्या टपालपेटीपाशी बंदुकीच्या दारूचा डबा ठेवून, दार न वाजवताच निघून गेला तेव्हा ती बराच वेळ खिडकीतून त्या डब्याकडे नुसती बघत राहिली.

ऑरिन तिचा दीर. नवरा लायल गेल्यावर दोघांचं वाजलं होतं ते बंदुकीवरून. ती मोठ्या काडतुसाची मॅग्नम रायफल मूळची सासऱ्यांची. "ती आमच्या घरातली आहे," ऑरिन दफनाच्या दुसऱ्या दिवशी म्हणाला होता. "मी पण याच घरातली आहे," असं सांगून व्हर्लानं ती कपाटात ठेवून कुलूप घातलं होतं. त्यानंतर दोन वर्षं चर्चच्या दारात मान हलवण्यापलीकडे काही नव्हतं.

शनिवारी एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होणार होता. गेल्या वर्षीची अकराच काडतुसं शिल्लक होती. घरी नवी भरायला घ्यावीत तर सबंध माँटानात त्या रायफलीला लागणारी, हळू जळणारी दारू मिळत नव्हती. दुकानदार दुसरा एक डबा पुढे करत म्हणाला होता, "ही घेऊन जा, थोडी कमी भरा, काम भागतंय." तिनं तो परत केला. मोठ्या काडतुसाला मंद आच लागते, लायल सांगायचा. जड गोळीला नळीच्या टोकापर्यंत नेट लावून ढकलायचं असतं. घाईची दारू सगळा जोर पहिल्याच क्षणी काढते, आणि तो जोर तुझ्या गालाशेजारी असतो, बाई.

डब्यावर नाव बरोबर तेच होतं, हवं ते. झाकणाचं सील मात्र तुटलेलं.

तिनं लायलची वही उघडली, काट्यावर वजन केलं आणि दारू काडतुसाच्या रिकाम्या पितळी कवचात ओतली. वहीत लिहिलं होतं, ‘मानेला टेकते’. हिची पातळी कवचाच्या मानेच्या बरीच खाली राहिली. पुन्हा वजन केलं. तेच. मग तिनं चमचाभर दारू पांढऱ्या बशीत पसरून दिव्याखाली धरली. लांब, जाडसर काड्या होत्या, हव्या तशा. आणि त्यांच्यात मिसळलेले, बारीक, आखूड कण. दुसऱ्याच दारूचे.

बशी हातात घेऊन ती खुर्चीत बसली. मनात आलेला विचार तिला लाजिरवाणा वाटला, पण तो जाईना. माझ्या हातात बंदूक फुटली तर कुणाचं काय बिघडणार होतं? छे. वेडी झालीयेस का? पण मग दोन वर्षं न बोलणाऱ्या माणसाला आत्ताच का माया आली? दार का नाही वाजवलं? तिनं दारू डब्यात परत ओतली आणि हात दोनदा धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन ती ऑरिनच्या शेडमध्ये शिरली. तो काडतुसं डबीत लावत होता.

"मिळाला ना डबा?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"मिळाला. कुठून आणलास?"

"होता माझ्याकडे. का? कमी पडला?"

"सील तुटलंय."

"मग? मी वापरतो ना. तुला सीलबंदच पाहिजे असेल तर दुकानात जा."

टेबलावर एकाच आकाराचे चार डबे उघडे पडले होते. लायल एका वेळी एकाहून जास्त डबे टेबलावर येऊ देत नसे. आणि हे शिक्षण दोघा भावांना एकाच बापाकडून मिळालं होतं. व्हर्लाला ते खटकलं. कडेला तीन उडवलेली काडतुसं होती. तिनं एक उचललं. तळाची टोपी पार चपटी झाली होती, आत जोर जास्त झाल्याची खूण.

"उडवल्यावर बंदुकीचा बोल्ट उघडायला त्रास झाला?"

"थंडीनं अडकतो. लाकडी हातोडीनं ठोकला. तू काय पोलीस आहेस?"

तिनं टेबलावरचा एक डबा उचलून त्याच्यापुढे धरला. लहान रायफलीची, झटकन जळणारी दारू होती ती, अक्षरं बोटाएवढी.

"हे काय आहे, वाच."

"तुला वाचता येत नाही का?"

"तू वाच, ऑरिन."

त्यानं डबा हातात घेतला, मान जराशी वाकडी केली आणि शांतपणे मॅग्नमच्या दारूचं नाव सांगितलं.

व्हर्लाच्या गप्प राहण्यावरूनच त्याला कळलं. त्यानं डबा खाली ठेवला.

"डोळ्यांपुढे मधोमध डाग आहे," तो म्हणाला. "कडेकडेनं दिसतं. वसंतात डॉक्टरनं सांगितलं, वाढत जाईल."

"कुणाला सांगितलंस?"

"तुला. आत्ता."

"आणि गाडी चालवत माझ्या दारात आलास."

"रस्ता पाठ आहे." मग तो म्हणाला, "उरलेली दारू परत ओतताना डबा चुकला असणार. त्या बंदुकीला दुसरी चालत नाही, आणि दुकानात नव्हती, म्हणून दिली. दार वाजवलं असतं तर तू आत बोलावलं असतंस. कॉफी ओतली असतीस, आणि माझा हात कपाला चुकलेला बघितला असतास."

तो तिच्याकडे नीट बघायचा प्रयत्न करत होता, म्हणजे तिच्या कानाच्या बाजूला.

"तुला वाटलं मी मुद्दाम केलं?"

"हो," व्हर्ला म्हणाली.

त्यानं ते ऐकून घेतलं. रागावला असावा, जबडा हलत होता. पण बोलला एवढंच, "बंदूक मागितली होती मी. तुझा जीव नाही."

"माहीत आहे. आता माहीत आहे. ती डबी इकडे दे."

सतरा काडतुसं होती, शनिवारसाठी भरलेली. व्हर्लानं एकेक गोळी सोडवायच्या ठोकणीत बसवून ओंडक्यावर आपटलं. गोळी सुटायची, दारू खाली यायची. गोळ्या ऑरिन बोटांनी चाचपून वेगळ्या ठेवत होता. त्यात त्याची एकही चूक झाली नाही. सगळी दारू, चारही डब्यांतली आणि तिनं परत आणलेल्या डब्यातलीही, तिनं मागच्या रुबार्बच्या भाजीच्या वाफ्यात पातळ पसरून टाकली. जमिनीला चांगली असते.

जाताना तिनं त्याच्या पिकअपची किल्ली खुंटीवरून काढून खिशात टाकली. त्याला आवाज आला, पण त्यानं अडवलं नाही.

शनिवारी पहाटे ती अकरा काडतुसं घेऊन त्याच्या दारात आली. ऑरिन टोपी घालून पायरीवर बसला होता, बंदूक न घेता. वाटेत त्यानं ओढा कुठे ओलांडायचा ते सांगितलं, आणि ते बरोबर निघालं. त्या दिवशी एल्क काही दिसलं नाही.