गाववार यादी

मागच्या फळीवर ९६ पुस्तकं होती. प्रत्येकात एक चिठ्ठी: नाव, गाव, तारीख. माणसं ७१. सगळ्यांत जुनी चिठ्ठी जून २०१९ची. मी दोनदा मोजलं.

"काय मोजून राह्यली वो सुचिता?" प्रेमानंदकाकांनी गल्ल्यामागून विचारलं.

अमडापुरात पुस्तकांचं दुकान त्यांचं एकच. हवं ते पुस्तक नसलं की गिऱ्हाईक वहीत लिहून जातं आणि काका ते अकोल्याहून शोधून आणतात. माझी बीएस्सीची निम्मी पुस्तकं अशीच आली. पण पुस्तक आलं हे काका कोणाला कळवत नाहीत, आणि दुसऱ्या कोणाला विकतही नाहीत.

"ज्याचं त्याचं हाय ते. अन् फोन केला त मानसाले वाटते, हा गळ्यात मारून राह्यला."

वहीतली शेवटची मागणी मार्चमधली होती. आता ऑगस्ट. महिनाअखेरीस काका गाळा सोडणार होते.

"लोकायले पुस्तकच नाई पाह्यजे, त दुकान कायले?"

हा निष्कर्ष मला मान्य नव्हता. लोकांना पुस्तक नको आहे, की आल्याचं कळलेलंच नाही? दोन्हींत दुकान रिकामंच दिसणार. तपासायला मी एक बाजाराचा दिवस मागितला.

"घे," काका म्हणाले. "वहीत नवीन दहा मागण्या आल्या त गाळा ठेवतो. नाई त हट्ट सोडजो."

बाजाराच्या दिवशी सकाळी नऊला मी एकाहत्तर नावं गाववार मोठ्या पुठ्ठ्यावर लिहून दाराशी टांगली. वर मथळा द्यायचा राहिला. चूक माझीच.

साडेनऊपर्यंत दारात ही गर्दी. "घरकुलाची यादी लागली, घरकुलाची!"

"ह्या हरिओमचं नाव हाय, बंगला हाय त्याले!" कोणीतरी ओरडलं.

हरिओम स्वतःच पुढे आला. "काय बे, म्या कुठं अर्ज केला?"

मी त्याच्या हातात पुस्तक दिलं. माती परीक्षणाचं, मराठीतलं, जुनं. त्यानं चिठ्ठी वाचली.

"हे मोबाईलवर किती शोधलं म्या! भेटलंच नाई. काका, तुम्ही कवा आनलं?"

"दोन सालं झाले. तीन दुकानं पालथे घातले तवा भेटलं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

 हरिओमनं पुस्तक काखेत मारलं आणि वही ओढून आणखी दोन पुस्तकांची नावं लिहिली.

तेवढ्यात तानाबाई माझ्यावर खेकसल्या, "माह्यं नाव काऊन नाई? मांगच्या सालीबी नव्हतं."

"आजी, ही घरकुलाची यादी नाही. पुस्तक मागितलेल्यांची आहे."

"असं व्हय?" त्यांनी वहीकडे बोट दाखवलं. "मंग लिह्य माह्यं. इहीर कुठं खंदावी, हे सांगनारं हाय का एखादं? पोरगा वाचून दाखवीन."

"भूजलाचं हाय अकोल्याले," काका उठून उभे राहिले. "आनतो. अन् आलं का फोन करतो. नंबर सांगा."

दहाव्या मागणीनंतरही मी पुठ्ठा काढला नाही. एका नमुन्यावर समाधान मानायची मला सवय नाही. बाजार उठेपर्यंत थांबले. काका मधे चहा प्यायलाही हलले नाहीत.

संध्याकाळी साडेसहाला वही मोजली. नव्या मागण्या २३, फोन नंबरांसह.