शून्य गुणांचा निबंध

स्वरूपा अकरा वर्षं स्पॅनिश शिकवत होती. पहिली पाच पुण्यात, आणि नवऱ्याची बदली झाल्यापासूनची सहा बारामतीत आणि इंदापुरात. तिकडं स्पॅनिश कोण शिकतं गं, असं पुण्याच्या मैत्रिणी अजून विचारायच्या. शिकणारे होते. मेक्सिकोकडच्या गिऱ्हाइकांशी त्यांच्या भाषेत बोलेल, लिहील असं माणूस पुण्यातल्या कंपन्यांना हवं होतं. ते काम घरबसल्याही मिळतं अशी बातमी तालुक्यात फिरली, आणि इंदापूरच्या एका प्रशिक्षण संस्थेत बारा जणांचा वर्ग सुरू झाला. एक दिवसाआड स्वरूपा सकाळच्या एसटीनं बारामतीहून इंदापूरला जायची. कारखाने सुरू झाले की रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, आणि त्यांच्यामागं गाडी मुंगीच्या पावलानं. पोचेपर्यंत निम्मी ताकद रस्त्यातच सांडलेली असायची.

शिकवायचा तिला कंटाळा नव्हता. कंटाळा आला होता तो तपासायचा. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मुलं चुका करायची, आणि चुका वाचल्या की कोण कुठं अडलंय ते कळायचं. मग सगळ्यांच्या मोबाईलमध्ये लिहून देणारं ॲप आलं. 'माझे वडील' असा निबंध दिला तर बाराच्या बारा वडील कुटुंबाचा आधारस्तंभ निघाले, बाराही जण डोळ्यांत स्वप्नं घेऊन राबत होते, आणि स्पॅनिश अशी की स्वरूपानं स्वतः लिहिली असती तरी एवढी गुळगुळीत झाली नसती.

संस्थेचे चालक ज्ञानेश सर तिच्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान होते. हौशी माणूस. त्यांनी यावर इलाज आणला. प्रत्येकाला संगणकावर एक पान दिलं. त्या पानावर कुणी, किती वाजता, कुठलं अक्षर टाइप केलं ते सगळं मॅडमना दिसणार. वर आणखी एक सॉफ्टवेअर, ते मजकूर चाळून टक्केवारी सांगणार, की एवढं माणसाचं आणि एवढं यंत्राचं. तुमचे कष्ट वाचतील मॅडम, ते म्हणाले होते. कष्ट वाचले नाहीत. आधी ती भाषा तपासायची, आता माणसं तपासायला लागली. पान उघडलं की निबंधाआधी वेळेची नोंद बघायची, मग टक्का, आणि मग उरलाच जीव तर वाक्यं.

जानेवारीत तिनं 'आमच्या घरातलं एक माणूस काम करताना' असा विषय दिला. वर्गात लासुर्ण्याची सोनल होती. वय तिशीच्या आसपास, बी.कॉम. झालेली, सासरी दीड एकरात भाजीपाला. सकाळचं तोडणीचं काम उरकून ती एसटी पकडायची आणि मागच्या रांगेत बसायची. बोलायला भित्री, पण वही भरलेली. तिनं सासूबाईंवर लिहिलं होतं. बाजारात माल पाठवायच्या आधी सासूबाई टोमॅटोवरचे औषधाचे डाग फडक्यानं पुसतात, एवढंच त्यात होतं. त्यात एक वाक्य होतं: 'लिम्पिया लोस तोमातेस कोमो सी फुएरान निन्योस.' टोमॅटो पुसते, जणू ती लेकरंच असावीत.

स्वरूपा त्या वाक्यापाशी थांबली. हे 'जणू असावीत'चं रूप या वर्गाला शिकवलेलंच नव्हतं. ते पुढच्या दोन पातळ्यांनंतर येतं. तिनं वेळेची नोंद पाहिली. सगळा निबंध एका सेकंदात चिकटवलेला, दहा वाजून बावन्न मिनिटांनी. सॉफ्टवेअरनं ब्याण्णव टक्के यंत्राचं असं सांगितलं. बाकी अकरा निबंध त्याच सॉफ्टवेअरनं वीस-पंचवीस टक्क्यांवर सोडले होते, आणि ते कसेबसे लिहिलेले, चुकांनी भरलेले होते.

पुढच्या तासाला तिनं सोनलला शून्य दिलं. ओरडली नाही. ओरडण्याइतकं त्राणही नव्हतं. सगळ्यांसमोर एवढंच म्हणाली की चुकलेलं चालेल, पण आपलं हवं. सोनलकडून तिला ही अपेक्षा नव्हती.

सोनल उभी राहिली. "मी लिहिलंय मॅडम," ती म्हणाली.

स्वरूपानं मान हलवली आणि पुढचा धडा काढला. असं 'मी लिहिलंय' तिनं त्या वर्षी पन्नास वेळा ऐकलं होतं.

त्यानंतर सोनल आली नाही. पहिल्या दिवशी स्वरूपाच्या ते लक्षातही आलं नाही. तिसऱ्या तासाला आलं, कारण परीक्षेचे फॉर्म भरायचे होते आणि सोनलची सही राहिली होती. फोन लावला तर वाजून वाजून बंद झाला. सोनलबरोबर एसटीला असायची ती श्रेया, तिला विचारलं. श्रेया आधी इकडचं तिकडचं सांगत राहिली. वर्ग रिकामा झाल्यावर मात्र ती दाराशी घुटमळली आणि म्हणाली, "मॅडम, एक सांगू का? आमी सगळ्यांनी मोबाईलकडूनच लिहून घेतलं होतं. तिनं एकटीनंच न्हाय घेतलं."

स्वरूपाला आधी कळेना. मग या निबंधांत एवढ्या चुका कशा, तिनं विचारलं. श्रेयानं मान खाली घालून सांगितलं की मोबाईलला तसंच सांगायचं असतं: नवशिक्यासारखं लिही, मधूनमधून चुका कर. मग ते पान उघडून बघत बघत हळूहळू टाइप करायचं. सॉफ्टवेअर काही म्हणत नाही.

स्वरूपा खुर्चीत बसली. राग आला नाही. नुसतं थकल्यासारखं झालं. अकरा जणांच्या खोट्या चुका तिनं लाल रंगात दुरुस्त केल्या होत्या. प्रत्येकाला समासात 'छान प्रयत्न' लिहिलं होतं.

शनिवारी परतीच्या वाटेवर ती लासुर्ण्यात उतरली. घर विचारत गेली. सोनलच्या घरापुढं पत्र्याची शेड होती, तिच्यात निळ्या प्लॅस्टिकच्या कॅरेटांच्या चळती, आणि मधे पोत्यावर बसून सासू छबूबाई टोमॅटो निवडत होत्या. सोनल समोर. मॅडमना बघून ती हात पुसत उठली, खुर्ची आणली, पाणी आणलं. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि आनंदही नव्हता.

स्वरूपानं वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही नीट आलं नाही. ती म्हणाली की माझी चूक झाली, मला श्रेयानं सांगितलं. मग विचारलं, ते वाक्य कुठून आणलंस?

सोनल आत गेली आणि वही घेऊन आली. चार पानं खाडाखोडीची. पहिल्या पानावर टोमॅटो दगडासारखे होते, मग अंड्यांसारखे, मग नुसतेच टोमॅटो. तिसऱ्या पानावर लेकरं आली होती. सोनलनं मागची पानं उलटली आणि दिवाळीआधीची तारीख दाखवली. तिथं स्वरूपाचंच वाक्य उतरवून घेतलेलं होतं. वर्ग एकसुरी वाचत होता तेव्हा ती वैतागून स्पॅनिशमध्येच म्हणाली होती, तुम्ही वाचताय जणू यंत्रंच असावीत. सोनलनं ते वाक्य लिहून घेतलं होतं, खाली रेघ मारली होती, आणि घरी जाऊन 'जणू'चं रूप कसं होतं ते शोधलं होतं. शेतात रेंज मिळत नाही, ते पान उघडत नाही, म्हणून निबंध मोबाईलच्या नोंदवहीत टाइप केला आणि वर्गात आल्यावर चिकटवला.

"हे तू त्या दिवशी का नाही दाखवलंस?" स्वरूपानं विचारलं.

"तुमी विचारलं न्हाय," सोनल म्हणाली. तिनं ते तक्रारीसारखं म्हटलं नव्हतं. झालं तसं सांगितलं होतं.

छबूबाई इतका वेळ हात न थांबवता ऐकत होत्या. निबंधाचा मराठी अर्थ सुनेनं त्यांना आधीच वाचून दाखवलेला होता. त्या म्हणाल्या, "टमाट्यांला पोरं म्हनली ही. आन् मग रोज सकाळी टेम्पोत घालून बाजारला कोन धाडतं? आपली पोरं कुनी इकतं व्हय?"

सोनल हसली. स्वरूपालाही हसू आलं, आणि त्या हसण्यात तिला जरा मोकळं वाटलं. तिनं सोनलला परत यायला सांगितलं, फॉर्म पुढं केला. सोनलनं सही केली. मग पेन परत देताना तिनं विचारलं, "मॅडम, आता लिहू कसं? तुमाला पटंल असं लिहू, का मला येतं तसं?"

"तुला येतं तसं," स्वरूपा म्हणाली. पण उत्तर द्यायला तिला वेळ लागला होता, आणि तो वेळ सोनलनं पाहिला होता.

सोमवारी स्वरूपा बारामतीचा वर्ग सोडून मुद्दाम इंदापूरला गेली आणि ज्ञानेश सरांना भेटली. शून्य काढून टाका, म्हणाली. सरांनी संगणक उघडून दाखवला. गुण एकदा चढले की कुलूप लागतं, ते सॉफ्टवेअरवाल्यांनाच उघडता येतं. स्वरूपानं सोनलकडून मागून आणलेली वही पुढं ठेवली. सरांनी पानं चाळली. मला स्पॅनिश येत नाही, ते म्हणाले, पण खाडाखोड ओळखता येते. त्यांनी तिच्यासमोर कंपनीला मेल लिहिला. दहा मिनिटांत उत्तर आलं, आपले म्हणणे आमच्यासाठी महत्त्वाचे आहे. त्यानंतर काही आलं नाही. शून्य होतं तिथंच राहिलं.

मंगळवारी स्वरूपानं वर्गाला सांगितलं की सोनलच्या बाबतीत ती चुकली होती. बाकीच्या निबंधांचं काय झालं होतं हेही तिला माहीत आहे, असं सांगितलं, पण कुणाचं नाव घेतलं नाही. सोनल कीबोर्डकडं बघत होती. तिला हे जाहीरपणे व्हायला नको होतं, हे स्वरूपाला बोलून झाल्यावर कळलं.

त्या दिवसापासून तिनं टक्केवारीचं सॉफ्टवेअर उघडलं नाही. पहिला तास संगणक बंद, वही आणि पेन. दुसऱ्या तासाला तेच लिखाण पानावर चढवायचं, आणि शेजारच्यानं ते वाचून बाजूला प्रश्न टाकायचे: हे कोण, मग काय झालं, हा शब्द का. उत्तरात पुन्हा दोन वाक्यं लिहायची. मोबाईलला शब्द विचारायला परवानगी होती, पण कुठला शब्द विचारला ते खाली नोंदवायचं. तीन जणांनी वर्ग सोडला. सर्टिफिकेटसाठी एवढी हमाली कोण करणार, असं त्यांचं म्हणणं ज्ञानेश सरांकडून तिच्या कानावर आलं. उरलेल्या नऊ जणांच्या वह्या पिशवीत भरून ती एसटीत चढायची. ट्रॉल्यांमागं गाडी रांगत असताना मांडीवर वही ठेवून तपासायची. लिखाण भयंकर होतं. विशालची म्हैस दोन ठिकाणी स्त्रीलिंगी होती आणि दोन ठिकाणी पुल्लिंगी. पण म्हैस विशालचीच होती, आणि तिनं त्याच्या बहिणीच्या लग्नात मांडवाचा खांब पाडला होता.

सोनल नेमानं यायला लागली. पण तिची वाक्यं आखूड झाली होती. माझी सासू साठ वर्षांची आहे. माझी सासू काम करते. आमच्याकडे टोमॅटो आहेत. एकही चूक नाही, आणि एकही खाडाखोड नाही. वेळेची नोंद बघितली तर एकेक अक्षर वर्गात बसून टाइप केलेलं. स्वरूपाला त्याचा अर्थ कळत होता. समासात काय लिहावं ते कळत नव्हतं. तिनं दोन-तीनदा प्रश्न लिहिले, टोमॅटो कसे आहेत, सासू काम करताना काय बोलते. उत्तरं यायची तीही तशीच: टोमॅटो लाल आहेत. सासू कमी बोलते. असं फेब्रुवारी गेला, अर्धा मार्च गेला. एकदा भर उन्हात भवानीनगरच्या अलीकडं गाडी पाऊण तास अडकून पडली होती, तेव्हा स्वरूपाच्या मनात आलं की एका निबंधाला शून्य द्यायला आपल्याला मिनिटभर लागलं आणि ते पुसायला दोन महिने पुरत नाहीत. तिनं वही मिटली आणि उरलेला रस्ता डोळे मिटून बसली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सोनलच्या वहीत अर्धं पान खोडलेलं सापडलं. टोमॅटोचा भाव पडला आणि सासूनं चार कॅरेट गुरांपुढं ओतली, असा मजकूर होता. त्यात 'ओतणे'ला चुकीचं क्रियापद होतं, एक वाक्य मधेच तुटलं होतं, आणि तिसऱ्या ओळीत पुन्हा न शिकवलेलं एक रूप होतं, तेही चुकलेलं. स्वरूपानं ते दोनदा वाचलं. क्रियापद दुरुस्त केलं, तुटलेल्या वाक्यापुढं 'मग?' असं लिहिलं, आणि त्या रूपाखाली बरोबर रूप लिहून ठेवलं. शाबासकी दिली नाही. द्यायचा धीर झाला नाही.

मेमध्ये पुण्यात परीक्षा झाली. नऊपैकी सहा पास झाले. सोनल बोलण्यात काठावर सुटली. लेखनात वर्गात पहिली आली नाही, तिसरी आली. निकालाच्या दिवशी तिचा फोन आला. मागं कॅरेट आपटल्याचे आवाज येत होते. काम लगेच मिळेल असं दिसत नाही, पुढची पातळी झाल्याशिवाय कंपन्या घेत नाहीत, असं ती म्हणाली. इंदापूरला पुढच्या पातळीचा वर्ग निघणार नव्हता, तेवढी माणसंच नव्हती. बारामतीत होता, बुधवारी.

"बारामतीला येऊ का?" सोनलनं विचारलं.

ये म्हणाली स्वरूपा. मग येताना ती खाडाखोडीची जुनी वहीही घेऊन ये, असंही म्हणाली. सोनलनं बरं म्हटलं आणि फोन ठेवला. स्वरूपानं बुधवारच्या हजेरीपटात खाली तिचं नाव लिहिलं, पाठीमागं उशी घेतली आणि समोरच्या गठ्ठ्यातली पुढची वही उघडली.