पाल्याचं पाणी

बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत तिला सगळे चिमटाबाई म्हणायचे. दिवसभर तिच्या हातात चिमटा असायचा. ओल्या टीपकागदावर मांडलेल्या बियांतलं कोणतं उगवलं, कोणतं मेलं, कोणतं नुसतंच फुगून बसलं, ते ती एकेक उचलून वेगळं करायची. बोलण्यातही चिमटे असायचेच. एकवीस वर्षं तिनं लोकांचं बियाणं तपासलं. वडील गेल्यावर जमिनीचा निम्मा तुकडा तिच्या नावावर झाला, तेव्हा तिला वाटलं, आता आपणही काहीतरी पेरून बघावं.

तिच्या थोरल्या भावाला हे मुळीच रुचलं नाही. बहीण सही करून हिस्सा सोडून देईल, असं तो धरूनच चालला होता. तिनं ती सही केली नाही. कचेरीच्या पायऱ्या उतरताना तो मागे न बघता म्हणाला, “घेतलीस ना? आता पिकवून दाखव.”

वाटणीची रेघ नेमकी निलगिरीच्या रांगेशेजारून गेली. भावानंच ती झाडं वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेली, आता ताडमाड वाढलेली. झाडं त्याच्या बाजूला राहिली, पण पाला कुठे सातबारा वाचून पडतो? तो दोन्हीकडे पडायचा.

पहिल्या हंगामात तिनं मोहरी पेरली. दर रविवारी बस पकडून ती बघायला जायची. तिसऱ्या रविवारी शेत हिरवं झालं होतं. फक्त झाडांकडचा पंधरा पावलांचा पट्टा टकलासारखा उघडा. त्यात गवताचं पातंही नव्हतं. ती तशीच तरातरा भावाच्या अंगणात गेली. तो पंपाचा पट्टा बदलत बसला होता.

“दादा, माझ्या बाजूला तणनाशक मारलंस ना?”

“मला तेवढाच उद्योग राहिलाय का?”

“मग अख्खा पट्टा कसा गेला?”

“बी खोल गेलं असेल. नाहीतर पेरलंच नसशील.” त्यानं पाना खाली ठेवला. “प्रयोगशाळेत बसून शेती होत नसते, बाई.”

“एकवीस वर्षं बी बघतेय मी.”

“बघतेयस. उगवून दाखवलंयस कधी?”

दारात वहिनी उभी होती. भावाच्या भांडणात ती सहसा पडत नसे. घरामागे हिरव्या जाळीखाली तिची छोटी रोपवाटिका होती, तिचा सगळा जीव तिथेच.

चिमटाबाईनं पट्ट्यातली माती मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली. अहवाल आला: विषारी काही आढळलं नाही. भावानं तो कागद मागून घेतला आणि घडी करून खिशात ठेवला. पुढे महिनाभर तो बसथांब्यावर, चहाच्या टपरीवर, भेटेल त्याला दाखवत होता. “सख्ख्या बहिणीनं माझ्यावर विषाचा आळ घेतला. हे बघा, काय निघालं ते.” तिनं माफी मागायला हवी होती. मागितली नाही.

पण चैन पडेना. विष नाही, तरी पट्ट्यात गवतसुद्धा नाही, हे कसं? पुढच्या रविवारी ती तिथे उकिडवी बसली आणि हातानं माती उकरू लागली. वर चार बोटं जाड पाल्याचा थर, खाली ओल. मोहरीचे दाणे जागच्या जागी होते. फुगलेले, काहींना तपकिरी जळकं टोक फुटलेलं. हात नाकाशी नेला तर निलगिरीचा उग्र वास. तिनं पिशवीभर पाला गोळा केला.

प्रयोगशाळेत तिनं तो पाण्यात भिजवला आणि त्या पाण्यावर मोहरी मांडली. दुसऱ्याच दिवशी साहेबांना त्या बशा दिसल्या. “नमुना क्रमांक कुठाय? हे कोणाचं?” “माझं.” “मग घरी न्या. इथे घरच्या भानगडी नकोत.” आणि सगळ्यांसमोर त्यांनी त्या कचऱ्यात ओतायला लावल्या.

मग तिनं स्वयंपाकघरातल्या फडताळात मांडामांड केली. बारा बशा, प्रत्येकीत पन्नास दाणे. चार बशांना साधं पाणी, चारांना पाल्याचं पातळ केलेलं, चारांना दाट. सातव्या दिवशी साध्या पाण्यातले सरासरी अठ्ठेचाळीस उगवले होते. पातळ पाण्यातले एकोणतीस. दाट पाण्यातले चार, तेही कुबडे, मुळं काळवंडलेली.

तिनं भावाला फोन करून बोलावलं. तो आला, सोबत वहिनीही आली. दोघं स्वयंपाकघरात उभीच राहिली. बस म्हणायचं तिलाही सुचलं नाही.

“पाल्यातून पाण्यात काहीतरी उतरतं,” ती म्हणाली. “ते मातीत मुरतं आणि बी उगवू देत नाही. झाड असंच आपल्याभोवतीची जागा राखून ठेवतं.”

भावानं वाकून एकेक बशी पाहिली. “म्हणजे मी काही टाकलं नव्हतं.”

“नाही.”

“मग आळ घेतलास त्याचं काय?”

“झाडं तुझीच आहेत. तोड, नाहीतर मध्ये चर खण.”

“झाडांना सांग ना. माझ्यावर कशाला ओरडतेस?” त्यानं दाट पाण्याची बशी उचलली, वास घेतला. “नुसता पाला भिजवलास, एवढंच?”

“एवढंच. एक दिवस आणि एक रात्र.”

“किती पाण्याला किती?”

कोणीतरी आपलं काम नीट विचारतंय याचं तिला बरं वाटलं. “लिटरला शंभर ग्रॅम,” ती म्हणाली. “सुकलेला असेल तर कमीही चालेल.”

भावानं मान हलवली आणि बशी जागेवर ठेवली.

पुढच्या हंगामात तिनं तो पट्टा सोडूनच दिला आणि उरलेल्या शेतात गाजर पेरलं. पाणी दोघांच्या सामाईक हौदातून यायचं. भाऊ स्वतःच्या शेताला मात्र हौदाच्या आधीच नळी जोडून पाणी घ्यायचा, त्यामुळे हौद तिच्यासाठीच भरला जाई. गाजर उगवलं नाही. गाजराचं बी चेंगट असतं, म्हणून तिनं वाट पाहिली. पुन्हा पेरलं. पुन्हा जमीन तशीच. आता झाडांपासून दीडशे पावलांवरही काही येईना.

एका रविवारी भर दुपारी ती हौदाशी गेली आणि वाकून बघितलं. पाणी कोऱ्या चहासारखं लाल झालं होतं. तळाशी काहीतरी फुगलेलं दिसत होतं. तिनं काठीनं ओढलं. पोतं होतं, पाल्यानं गच्च भरलेलं, तोंडाशी दगड बांधलेला. तशी चार पोती होती.

एक पोतं फरफटत ती त्याच्या अंगणात घेऊन गेली. वाटभर ओला पट्टा उमटला.

“हे काय आहे?”

“पाला,” भाऊ म्हणाला. तो विळ्याला धार लावत होता. हात थांबला नाही.

“माझ्या पाण्यात?”

“हौद दोघांचा आहे. माझ्या निम्म्यात मी पाला ठेवलाय.”

“लाज नाही वाटत तुला?”

“तूच तर शिकवलंस. एक रात्र भिजव म्हणालीस, मी आठवडाभर ठेवला.” आता त्यानं वर बघितलं. “जा, तक्रार कर. काय लिहिशील? भावानं झाडाचा पाला पाण्यात टाकला? पाला वाऱ्यानंही पडतो. आणि अहवाल आहेच माझ्याकडे, विष नाही म्हणून.”

तिनंच मोजून मापून दिलेलं हत्यार होतं ते. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली तेव्हा भावाच्या घराला कुलूप होतं. ती घराला वळसा घालून मागे गेली. हिरव्या जाळीखाली वहिनीचे ट्रे ओळीनं मांडले होते. चाळीस ट्रे, सकाळीच पेरलेले. प्रत्येकात वहिनीच्या गोल अक्षरातली पट्टी, ‘कोबी’ आणि तारीख. कोपऱ्यात झारी होती.

ती झारी घेऊन हौदावर गेली. उरलेली पोती अजून तशीच होती. अगदी पोत्याजवळचं पाणी भरून घेतलं. परत येऊन एकेका ट्रेवर सावकाश घातलं, एकही कोपरा कोरडा राहणार नाही असं. खोटं कशाला सांगायचं, तिला बरं वाटत होतं. सहा खेपा झाल्या. झारी जागेवर ठेवून ती बसनं घरी आली आणि पोटभर जेवली.

दोन आठवड्यांनी प्रयोगशाळेच्या खिडकीशी वहिनी उभी होती. हातात कोबीच्या बियाण्याचं फोडलेलं पाकीट.

“वन्सं, एवढं तपासून द्या हो,” ती म्हणाली. “चाळीस ट्रे पेरले, दोन-चार कोंब आले फक्त. ते घरी म्हणतात, दुकानदारानं फसवलं. त्याच्याशी भांडायला कागद हवा.”

चिमटाबाईनं पाकीट घेतलं. नमुना क्रमांक घातला. चारशे दाणे मांडून उगवणीच्या कपाटात ठेवले. त्या आठवड्यात तिला एकदा वाटलं, चिमटा थोडा वाकडा चालला तर कोणाला कळणार आहे? बियाणं खराब म्हणून लिहिलं की विषय संपला; दुकानदार बघून घेईल. पण एकवीस वर्षांत तिनं खोटा आकडा कधी लिहिला नव्हता, आणि आताही हात धजेना. मुदत भरल्यावर तिनं मोजलं. शंभरात शहाण्णव. तेच लिहिलं.

वहिनीनं अहवाल वाचला, परत वाचला.

“शहाण्णव? मग बियाणं चांगलंच आहे की.”

“चांगलं आहे.”

“माती नेहमीचीच. पाणी घरच्या नळाचं, तेही सकाळी मीच घातलं होतं. मग...” वहिनी थांबली. तिनं कागदावरून नजर उचलली. “शेजारीण म्हणाली, त्या रविवारी वन्सं येऊन गेल्या. हातात झारी होती. मला वाटलं, किती बाई चांगल्या, आम्ही घरी नाही बघून ट्रेला पाणी घालून गेल्या.”

चिमटाबाई टेबलावरचा टीपकागदाचा गठ्ठा सारखा करू लागली.

“हौदातलं होतं?”

“हो.”

वहिनीनं कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. मागच्या टेबलावरची मुलगी यंत्र बंद करून ऐकत होती.

“पोत्यांचं मला माहीत होतं,” वहिनी हळू आवाजात म्हणाली. “मी गप्प बसले. तेवढं माझं चुकलं. पण माझं तुमच्याशी काय वाकडं होतं, वन्सं?”

“काहीच नव्हतं.”

“शोभता हो. सख्खी भावंडं शोभता अगदी.” आता तिचा आवाज चढला. “त्यांना तुम्ही सापडत नाही म्हणून ते पिकावर जातात, तुम्हाला ते सापडत नाहीत म्हणून तुम्ही माझ्यावर. मी काय तुमच्या दोघांमधला पट्टा आहे का, कोणीही यावं आणि नासवावं?”

“वहिनी, मी भरून देते नुकसान...”

“ते राहू द्या. चाळीस ट्रे आहेत. जुनी माती काढायची, ट्रे धुवायचे, नवी माती भरायची, पेरायचं. तुमच्या हातानं. रविवारी नऊला या.”

रविवारी नऊला चिमटाबाई हजर झाली. त्याच सकाळी वहिनीनं हौदातली उरलेली तीन पोती ओढून काढली आणि तळाची चावी उघडून सगळं लाल पाणी रस्त्याकडेच्या गटारात सोडून दिलं. भाऊ ओरडत धावत आला.

“तू नक्की कोणाच्या बाजूची आहेस?”

“माझ्या,” वहिनी म्हणाली आणि ओल्या हातांनी त्याला बाजूला सारून घरात निघून गेली.

चिमटाबाईला चाळीस ट्रे भरायला तीन रविवार लागले. वहिनी तिथेच काम करायची, पण कामापुरतं बोलायची. “माती दाबू नका.” “एका खळग्यात एकच दाणा.” पाणी विचारलं तर नळाकडे बोट दाखवायची. चहा एकदाही विचारला नाही. भाऊ येता-जाता जाळीआडून बघायचा, आणि एकदा मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाला, “आली वाटतं सरकारी मजूर.” तिनं पुढचा ट्रे धुवायला घेतला.

कोबी उगवला. चिमटाबाईनं स्वतःच्या शेतासाठी वेगळी नळी टाकून घेतली आणि झाडांच्या कडेनं कमरेएवढा खोल चर खणवला. त्यात निलगिरीची मनगटाएवढी मुळं तोडावी लागली. पट्ट्यातला पाला गोळा करून तिनं जाळला. तिथे बी न पेरता तिनं वहिनीकडची तयार रोपं लावायचं ठरवलं, कारण मूळ धरलेलं रोप अशा मातीत बियाण्यापेक्षा जास्त तग धरतं. वहिनीनं रोपं दिली, गिऱ्हाइकाला देतात तशी; पावती करून, उंबऱ्याबाहेर. शंभरातली सत्तर जगली.

ती रोपांना आधाराची माती लावत होती, तेव्हा भाऊ बांधावर येऊन उभा राहिला. झाडांच्या तोडलेल्या मुळांकडे बघत होता. तिनं पोतं अंगणात आणलं त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी अक्षरही बोलली नव्हती.

“चर माझ्या हद्दीत आलाय,” तो म्हणाला.

“नाही आला.”

“चार बोटं आलाय.”

“मोजून घे मग.”

“घेतोच.”

तो घरी जाऊन फीत घेऊन आला. एक टोक त्यानं तिच्यापुढे धरलं. तिनं ते दगडाशी दाबून धरलं आणि तो चराच्या काठाकाठानं पुढे गेला, वाकून आकडा बघितला, पुन्हा बघितला.

“दोन बोटं,” तो म्हणाला.

तिनं फावडं घेतलं आणि त्याच्याकडची कड दोन बोटं माती टाकून बुजवायला लागली. पूर्ण होईपर्यंत तो तिथून हलला नाही.