गिटारला लावू की माइकला

आमच्या घरात ॲम्प्लिफायरवर पाण्याचा माठ असायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला ते साधं लाकडी खोकं वाटे. तांब्या बुडवायला वाकावं लागत नाही म्हणून ठेवलाय, असं मी सांगायचे. खरं कारण दुसरं होतं. त्या खोक्यातून आमच्या ह्यांची गिटार आणि दीपमालाचा आवाज एकत्र बाहेर पडायचे. मला त्यावर काहीतरी जड ठेवायचं होतं.

आमची गायन पार्टी होती. बाबासाहेबांची, बुद्धाची गाणी. विंचूर, लासलगाव, निफाड, जिथून बोलावणं येईल तिथं ट्रकच्या मागे बसून जायचो. बाकीच्या पार्ट्यांकडे बेंजो होता. गिटार फक्त आमच्याकडे. देवळाली कॅम्पात एका ऑर्केस्ट्रावाल्यानं सामान विकायला काढलं, तेव्हा ह्यांनी गिटार आणि तो व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, ॲम्प्लिफायर घेतला. सगळे त्याला डबा म्हणायचे. त्याला दोन भोकं होती, एक गिटारचं, एक माइकचं. गिटार ह्यांची, माइक दीपमालाचा. आम्ही तीन बायका मागे बसून टेक, म्हणजे ध्रुवपद, धरायचो आणि टाळ्या द्यायचो. आम्हाला माइक नव्हता. आमचा आवाज जाईल तिथवर जायचा.

पार्टीत ह्यांना सगळे दादा म्हणत. मी तर आयुष्यात ह्यांचं नाव घेतलं नाही. दीपमाला मात्र चारशे माणसांसमोर म्हणायची, "जयराम, सूर दे." मग हे तार छेडायचे, ती ह्यांच्याकडे बघायची आणि गाणं उचलायची. दोघांत काही होतं का? नव्हतं. ते मला तेव्हाही माहीत होतं. पण माहीत असून जळणं थांबत नाही.

पुढे टेपरेकॉर्डर आले, पार्ट्या बसल्या. दीपमाला लग्न होऊन कल्याणला गेली. डबा आमच्याकडे राहिला आणि मी त्यावर माठ ठेवला. ह्यांनी पाहिलं आणि त्याच माठातून तांब्याभर पाणी घेतलं.

यंदा आमच्या विहाराला पन्नास वर्षं झाली. कमिटीच्या अश्विननं ठरवलं की जुन्या पार्टीचा कार्यक्रम ठेवायचा. त्यानं कल्याणला फोन लावला, तर दीपमाला म्हणाली, "तोच डबा असेल तर येते."

हे त्याच दुपारी उठले आणि माठ उचलून ओट्यावर ठेवला. मला विचारलंही नाही.

"अहो, तिथं सांडेल पाणी."

"सांडू दे."

डब्याच्या वर माठाचा पांढरा गोल उमटला होता. मागची फळी काढली तर आत उंदराचं घर. वाळकं गवत, कापूस, कागदाचे कपटे. स्पीकरचा कागद अर्धा कुरतडलेला. पाणी झिरपून पत्र्याला गंज चढला होता. हे जुना दाढीचा ब्रश घेऊन खाली बसले. गुडघ्याचं दुखणं सांगून मला भाजी आणायला पाठवणारा माणूस तासन् तास जमिनीवर मांडी घालून बसायचा. एकेका व्हॉल्व्हची काच मऊ कापडानं पुसायचा. लाकूड घासलं, पॉलिश लावलं. पांढरा गोल काही गेला नाही.

"इतकी निगा तर माझी बाळंतपणातही केली नाही," मी म्हणाले.

"तेव्हा तुझी आई होती की."

"आता त्या डब्याची आई कोण?"

हे हसले. मला हसू आलं नाही.

भद्रकालीत शेखरचं दुकान आहे. जुने रेडिओ, मिक्सर, असलं सगळं दुरुस्त करतो. त्यानं कंडेन्सर बदलले, स्पीकरला नवा कागद बसवला. चालू करायच्या दिवशी मीही सोबत गेले. हे म्हणाले, तू कशाला? मी म्हणाले, रविवार कारंजाच्या बाजारात काम आहे. काम नव्हतं.

शेखरनं डब्याच्या वायरमध्ये एक मोठा पिवळा बल्ब जोडला. मला म्हणाला, "वहिनी, इतकी वर्षं बंद पडलेल्या वस्तूला एकदम करंट द्यायचा नसतो. आधी बल्बमधून द्यायचा. आत काही शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटतो. म्हणजे समजायचं, गेला. बल्ब मंदावला तर जीव आहे."

बटण दाबलं. बल्ब भक्कन पेटला. हे काउंटर धरून उभे होते. मी बल्बकडे बघत मनात म्हणत होते, पेट, तसाच पेट. तो हळूहळू लाल झाला आणि मंदावला. डब्याच्या आत काचेत ठिणगीएवढा उजेड दिसायला लागला. स्पीकरमधून घुं असा आवाज आला. ह्यांनी शेखरचा हात हातात घेतला. डोळे भरून आले होते. माझ्या वाटणीला ते असे कधी भरले, ते मी तिथंच आठवत बसले.

पण एक खोट निघाली. पुढचा लहान व्हॉल्व्ह होता, त्यात एका काचेत दोन भाग असतात. एक भाग गिटारचा आवाज उचलतो, दुसरा माइकचा. त्यातला एकच पेटत होता, दुसरा काळा.

"नवीन मागवलाय," शेखर म्हणाला. "पण तो रविवारच्या कार्यक्रमानंतर येईल. तोवर एकच बाजू चालेल. बोला दादा, चालू बाजू कशाला जोडू? गिटारला लावू की माइकला?"

हे क्षणभरही थांबले नाहीत. "माइकला."

घरी येताना रिक्षात मी विचारलं, "तुम्ही वाजवणार नाही?"

"बोटं कुठं ऐकतात आता."

"विहारात चांगले नवे स्पीकर आहेत. तिला त्यातून गायला काय होतं?"

"तिला ह्यातून गायचंय."

"आणि तुम्हाला?"

"मलाही ह्यातूनच ऐकायचंय."

आमचं इंदिरानगर येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. माणूस ज्या डब्यासाठी महिनाभर जमिनीवर बसला, त्या डब्यातली स्वतःची जागा त्यानं तिला देऊन टाकली. मला टेकसाठीसुद्धा कधी माइक पुढे सरकवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी हे दवाखान्यात रक्त तपासायला गेले आणि मी एकटी शेखरकडे गेले. म्हणाले, "विचार बदललाय. गिटारला लावा."

"दादांनी सांगितलं?"

"त्यांनीच पाठवलंय मला."

त्यानं माझ्यासमोर वायर काढून दुसरीकडे जोडली. मी सगळं नीट योजलं होतं. डबा ह्यांचा आहे, तर त्यातून ह्यांचीच गिटार वाजेल. ती गाईल विहाराच्या काळ्या स्पीकरांतून, जसे बाकीचे भाषण करतात तशी. दोघांचे आवाज स्पीकरवरच्या एकाच कापडातून बाहेर येणार नाहीत. एवढंच मला हवं होतं.

रविवारी मी गिटार चादरीत गुंडाळून साक्षीच्या, म्हणजे नातीच्या, गाडीतून आधीच विहारात पोचवली. संध्याकाळी पाचला मंडप भरला. दीपमाला आली. पांढरी साडी, निळे काठ, केस सगळे पांढरे, अंगानं दुप्पट. आल्या आल्या मला मिठी मारली.

"लते! जयभीम. अजून तश्शीच रागीट दिसतेस गं."

"तू आलीस म्हणून आज जरा जास्त."

ती खो खो हसली. मग स्टेजकडे वळून, "जयराम, लाव बाबा डबा."

ह्यांनी डबा सुरू केला. तिनं माइक हातात घेतला. "हॅलो. जयभीम." काहीच नाही. ह्यांनी बटणं फिरवली, वायर काढून परत घातली. शेखर पहिल्याच रांगेत होता, तो उठून आला.

"दादा, माइक कसा लागेल? वहिनी येऊन सांगून गेल्या ना, गिटारला जोडा म्हणून. तुम्हीच पाठवलं होतं."

हे माझ्याकडे बघायला लागले. दीपमालानंही बघितलं. मी चादर सोडली आणि गिटार पुढे केली.

"वाजवा," मी म्हणाले.

ह्यांना रागवायचं होतं, पण समोर माणसं होती. दीपमालानं माइक खाली ठेवला आणि ह्यांच्या हाताला धरून स्टेजवर ओढलं. "अरे, बरंच केलं की हिनं! मला तर सांगितलं होतंस की वाजवणार नाही. चल, बस."

मी खाली उभी राहिले. अश्विन आला. "काकू, बसा ना. ह्या तुमच्या दोन खुर्च्या."

पहिल्या रांगेत मधोमध दोन खुर्च्या. एकीवर ह्यांची शाल टाकलेली.

"दादा सकाळीच येऊन ठेवून गेले," तो म्हणाला. "म्हणे, जन्मभर मी स्टेजवर पुढे आणि ही मागे. समोर जोडीनं बसून एकदाही ऐकलं नाही, ते आज ऐकणार."

मी शालीशेजारच्या खुर्चीत बसले. शाल उचलून मांडीवर घेतली.

ह्यांनी तार छेडली. डब्याचा आवाज मंडपात पसरला. विहाराच्या स्पीकरसारखा धुऊन काढलेला नव्हता तो. जाड होता, उबदार, कडेला जरासा खरखरीत. मागच्या रांगेतली म्हातारी माणसं ताठ बसली. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो ह्यांच्यामुळे आला याचं मला बरं वाटलं. तेवढंच.

मग दीपमाला विहाराच्या माइकवर गायला लागली आणि ह्यांची बोटं चुकायला लागली. दुसऱ्या ओळीला सूर निसटला, तिसऱ्याला हात थांबला. लोकांच्या लक्षात यायच्या आत दीपमालानं तीच ओळ परत घेतली, सावकाश, ह्यांना वेळ देऊन. पुन्हा चुकलं की ती तिथं एक हरकत, छोटीशी सुरावट, घ्यायची, जणू तसंच ठरलं होतं. ती सारखी ह्यांच्या बोटांकडे बघत होती. हे तिच्या ओठांकडे. नंतर तिनं विहाराचा माइक बाजूला सारला, सरकत सरकत डब्याला खेटून बसली आणि त्यावर कोपर टेकून मोकळ्या गळ्यानं गायला लागली. गिटार आणि तिचा गळा पुन्हा एकाच जागेवरून ऐकू यायला लागले. ह्यांनी मनाशी ठरवलं होतं तसं झालं असतं, तर या वेळी हे माझ्या शेजारी असते. मी शहाणपणा करून त्यांना उचलून तिच्या शेजारी बसवलं होतं.

एक गाणं मी सोसलं. दुसऱ्या गाण्याला उठले. पायऱ्या चढून स्टेजवर गेले आणि दोघांच्या मधे उभी राहिले.

"सरक," मी दीपमालाला म्हणाले.

"अगं, टेक मागून धरतात."

"मागे बसायला गुडघे राहिले नाहीत. सरक."

"अजूनसुद्धा, लते?"

"अजूनसुद्धा."

मंडपात हशा पिकला. बहुतेकांना वाटलं, म्हाताऱ्यांची थट्टा चाललीय. ती सरकली. मी डबा आणि तिच्यामधे मांडी घातली, म्हणजे जमेल तेवढी घातली, आणि टेक धरली. शेवटपर्यंत हलले नाही.

घरी आल्यावर ह्यांनी सदरा काढून खुंटीला लावला आणि म्हणाले, "मला विचारायचं होतंस."

"खुर्च्यांचं तुम्ही तरी कुठं सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, तिला समोरून बघायचंय म्हणून बसताय."

मी विचार केला. "म्हणाले असते."

"मग?"

"तरी सांगायचं. म्हणाले असते आणि बसले असते."

ह्यांची बोटं दुखत होती, म्हणून मी कोमट पाण्यात मीठ टाकून परात पुढे ठेवली. त्यात हे हात बुडवून बसले. मध्येच हसले एकदा. कशाला ते मी विचारलं नाही.

नवा व्हॉल्व्ह त्याच आठवड्यात आला. सकाळी शेखर घरीच बसवायला आला. जुना काढला, नवा बसवला. या वेळी काचेतले दोन्ही भाग पेटले. त्यानं एक वायर गिटारला जोडली, एक माइकला, आणि माइक हातात धरून विचारलं, "बोलून बघायचं कुणी?"

हे म्हणाले, "हिच्याकडे दे."

मी माइक कधी हातात धरला नव्हता. वाटलं त्यापेक्षा जड होता. ह्यांनी गिटार मांडीवर घेतली. मी टेकेची ओळ म्हटली. माझा आवाज डब्यातून आला आणि मी दचकले, इतका चिरका. दीपमालाशी तुलनाच नको. ह्यांनी बोटं पुढे नेली. मी पुढची ओळ घेतली, जी कधी माझी नव्हती. शब्द सगळे पाठ होते. मागे बसून तेवढं तर झालंच होतं.

कडव्याच्या मधोमध ह्यांचा मोबाइल वाजला. पडद्यावर दीपमालाचं नाव आलं. ह्यांनी नावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि फोन बंद करायला बोट पुढे केलं.

"बंद करू नका," मी म्हणाले. "उचला आणि इथं डब्यासमोर ठेवा. ऐकू द्या तिला."