दादींचा शाकाहारी सरडा

मी अनोल. नाव ऐकून कपाळाला आठ्या पडल्या असतील, तर पडू द्या. हिरवा, जेमतेम वीतभर, त्यातही निम्म्याहून जास्त शेपूट. तुमच्याकडे मला सरडाच म्हणतात, आणि सरडा म्हटला की रंग बदलणारा, बेभरवशाचा, असा निकाल तुम्ही आधीच लावून ठेवलेला असतो. मी रंग बदलतो, कबूल. गारठलो, घाबरलो, आजारी पडलो की तपकिरी होतो. म्हणजे आत काय चाललंय ते माझ्या अंगावर दिसतं. माणसांचं दिसत नाही. म्हणून मी माणसांवर विश्वास ठेवत नाही, त्यांच्यासमोर घासही घेत नाही.

माझं मूळ समुद्रापलीकडचं, अमेरिकेतल्या दमट झाडीतलं. जळगावात कसा आलो, ते मला धड सांगता यायचं नाही. भोकं पाडलेला डबा, अंधार आणि दर थोड्या वेळानं बदलणारे आवाज, एवढंच आठवतं. डबा उघडला तेव्हा समोर समाधान होता. मासे, ससे, रंगीत चिमण्या विकणारा. त्यानं मला उजेडात धरलं आणि शेजारच्या दुकानदाराला म्हणाला, "रंग भारी शे." मी जगेन की मरेन, हा विषय निघाला नाही.

मला घेतलं श्रेयांसनं. जळगावातल्याच पिंप्राळ्यात राहणारा, वडिलांच्या, म्हणजे अमृतलाल शेठच्या भांड्यांच्या दुकानात बसणारा तरुण. घर जैन, त्यामुळे कुत्र्या-मांजराला परवानगी नव्हती. त्यांना मांसमच्छी लागेल ही भीती. सरडा त्यानं आयुष्यात कधी पाळला नव्हता. त्यानं एकच प्रश्न विचारला, आणि तो बरोबर विचारला: हा खातो काय?

समाधाननं आधी त्याच्या कपाळावरचा केशराचा टिळा पाहिला. मग उत्तर दिलं.

"शुद्ध शाकाहारी आहे, शेठ. पालक, काकडी, केळं. तुमच्याच घरचा म्हणा ना."

मी आतून ओरडलो असतो, पण मला आवाज नाही.

घरी काचेची पेटी तयार होती. वर जाळीचं झाकण, आत एक वेल, आणि वाटीत गाळून उकळलेलं पाणी. त्या पाण्याशेजारी मी तहानलेला बसून राहिलो. साचलेलं पाणी मला पाणी वाटतच नाही. आम्ही पानांवरचे थेंब चाटतो. खायला रावेरच्या केळ्याच्या चकत्या. श्रेयांस मला सारखा हातात घ्यायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. मी तपकिरी पडलो, तर तो कौतुकानं म्हणायचा, बघा, रंग बदलला. मरणाची पहिली खूण, आणि लोक तिचे फोटो काढत होते.

शेजारच्या फ्लॅटमध्ये डॉ. स्नेहल तायडे राहायच्या. जनावरांच्या डॉक्टर. त्यांनी मला पाहिलं आणि स्पष्ट सांगितलं की हा किडे खाणारा प्राणी आहे, तेही जिवंत. पानांवर सकाळ-संध्याकाळ पाणी फवार, उन्हासारखा प्रकाश देणारा दिवा लाव, सारखा हातात घेऊ नकोस. दिवा आला, फवाराही आला. किड्यांचं मात्र कुणी ऐकलं नाही. गाई-म्हशींच्या डॉक्टरला सरड्यातलं काय कळणार, असं श्रेयांस म्हणाला. अमृतलाल शेठ त्याच्याही पुढे गेले. दार लागल्यावर हळूच म्हणाले, त्यांच्यात सगळं चालतं, म्हणून त्यांना आपल्याकडेही सगळं चालवायचंय. काचेतून ऐकू येत नाही, असं माणसांना का वाटतं कोण जाणे.

तेवढ्यात चातुर्मास लागला. पावसाळी हवेनं बाजरी-ज्वारीत अळ्या आणि धान्यातली ती बारीक उडती पाखरं झाली. श्रेयांसची आजी भंवरीबाई, घरात सगळे त्यांना दादी म्हणत, परात घेऊन धान्य निवडायला बसायच्या. सापडलेला एकही जीव मारायचा नाही. कागदावर अलगद घ्यायचा, जिने उतरायचे, खाली लिंबाच्या बुंध्याशी नेऊन ठेवायचा. पण गुडघे दुखायचे, आणि खाली मुंग्या न् चिमण्या टपलेल्या. म्हातारीनं विचार केला. घरातच अशी जागा आहे, जिथं हिरवी पानं आहेत, ओलावा आहे, मुंगी नाही, पक्षी नाही. आणि तिथं राहणारा तर शुद्ध शाकाहारी.

त्यांनी जाळी सरकवली, कागद आत झटकला आणि म्हणाल्या, "राहा रे बाबांनो, इथं सुखानं."

त्या वळून स्वयंपाकघरात गेल्या, आणि मी जेवायला बसलो.

हे रोज चाललं. मी भरलो, पोपटासारखा हिरवा झालो. श्रेयांसनं पालकाच्या जुडीशेजारी मला बसवून व्हिडिओ काढला. तो समाधाननं आपल्या फोनवर घेतला आणि येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवू लागला. त्यातलंच एक गिऱ्हाईक म्हणजे धुळ्याची जिनल, श्रेयांसची मावसबहीण. तिनंही माझ्यासारखाच एक विकत नेला.

एके दिवशी जिनल तिची पेटी घेऊन जळगावला आली. आतला माझा भाऊबंद मातीच्या रंगाचा झाला होता. बरगड्या मोजता येत होत्या, डोळे खोल गेले होते. ती श्रेयांसला म्हणाली, तू काहीतरी लपवतोयस. श्रेयांस शपथेवर म्हणाला, पालकच देतो. मग तूच पालक धुवून देत नसशील, असं तिलाच ऐकवलं. शेवटी स्नेहलताईंना बोलावलं. त्यांनी माझ्या पेटीच्या तळाशी पाहिलं. तिथं पाखरांचे पंख पडले होते.

"याला किडे कोण देतं?"

"तुम्हीच देत असाल," अमृतलाल म्हणाले.

"शेठजी, मी दिले असते तर सांगून दिले असते."

दादी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "देत कोणी नाही. मी ठेवते त्यांना. जगायला."

स्नेहलताईंनी समजावून पाहिलं, पण दादी मानेनात. पाखरं उडून जात असतील, म्हणाल्या.

"झाकणाला जाळी आहे, आजी."

"मी त्याला खाताना कधी पाहिलं नाही."

"मग आता बसा. पाहा."

सकाळी ठेवलेलं एक पाखरू वेलीच्या पानावर शिल्लक होतं. चार माणसांचे डोळे काचेला चिकटले होते, आणि पाचवे दादींचे. मी संशयानं एकेकाकडे पाहिलं. खाल्लं, तर माझं अन्न आजपासून बंद. नाही खाल्लं, तर खरं बोलणारी एकटी बाई खोटी ठरणार, आणि शेजारच्या पेटीतला पुन्हा धुळ्याला, पालकाकडे जाणार. पाखरानं पंख हलवले.

मी झडप घातली.

एक पंख माझ्या ओठाबाहेर राहिला होता. दादी वाकून कितीतरी वेळ पाहत राहिल्या. मग तळाशी पडलेल्या पंखांना त्यांनी हात जोडले. मला नाही, पंखांना. "मिच्छामि दुक्कडम," अशी त्यांच्या रीतीनं क्षमा मागितली. मग मुलाकडे न पाहता म्हणाल्या, "अमृत, डॉक्टरबाईंची माफी माग." शेठनी मागितली. जमिनीकडे पाहत, पण मागितली.

मग आम्हा दोघांना पेट्यांसकट गाडीत घालून दादी समाधानच्या दुकानात गेल्या. तो आधी हसला, मग उडवाउडवी केली, मग चिडला.

"अक्का, खरं सांगितलं असतं, तर घेतला असता का तुम्ही?"

"नसता घेतला."

"मग?"

"मग नसता घेतला."

त्यानं दोन्ही पेट्या आपल्याकडे ओढल्या. परत घेतो, म्हणाला. दादींनी आम्हाला दिलं नाही. हा उद्या दुसऱ्या कुणाला हीच थाप मारेल, म्हणाल्या, आणि आम्हा दोघांना स्नेहलताईंच्या हवाली केलं.

आता मी स्नेहलताईंच्या खिडकीत राहतो. रातकिडे मिळतात, थेंब मिळतात, हात कुणी लावत नाही. धुळ्याचा भाऊबंद वाचला नाही. रातकिडा त्याच्या तोंडापाशी आला, त्यानं मान वळवली, पण जबडा उघडेना. पहिल्यांदा सरडा पाळणाऱ्या घरात आमचं बहुतेक असंच होतं. दुष्टपणानं नाही, दुकानदाराला सोयीचं आणि तुम्हाला आवडतं तेच उत्तर ऐकून घेतल्यानं.

माझं एकच मागणं आहे. मला घरी नेण्याआधी एक जिवंत किडा मुठीत धरून पाहा. हात मागे येत असेल, तर तो हात चांगला आहे. त्याला माझ्या पेटीचं झाकण उघडायला लावू नका.