चिखलातलं मूळ

खोटं सांगत असेन तर माझी जीभ झडो! यातला शब्दन् शब्द खरा आहे, कानामात्रेसकट.

तर एका प्रयोगशाळेत एक भाची कामाला होती. रानातल्या झाडपाल्याचा अल्कोहोलमध्ये अर्क काढायचा आणि त्यानं जंतू मरतात का ते बघायचं. काचेच्या बशीत जेलीसारखं खाणं ओतायचं, त्यावर जंतू पसरायचे, मधोमध अर्कात भिजवून वाळवलेली कागदाची टिकली ठेवायची आणि बशी उबदार कपाटात. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती स्वच्छ कडं दिसलं, की समजायचं, जंतूंनी तिथं हात टेकले.

एकेचाळीस झाडं झाली. कडं औषधालासुद्धा नाही! जंतू असे माजलेले, की अर्क पिऊन वर ढेकर देत असतील. शेवटी प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत बघू. नाहीतर झाडांचं काम बंद."

या कामात भाची आली होती मावशीमुळे. मावशी गल्लीतल्या कुत्र्यांच्या जखमांवर कुठलीशी वेल वाटून लावायची आणि जखमा भरायच्या. का भरतात, हे भाचीला लहानपणापासून कोडं. पण मावशी वेल दाखवेल तर शपथ! "माझ्या वेलीची परीक्षा घेणारे तुमचे जंतू कोण लागून गेले?"

काम बंद पडणार म्हटल्यावर मात्र मावशी विरघळली. दुसऱ्याच दिवशी पिशवीभर पानं आणून दिली, लख्ख. "दगडाच्या खाणीमागची आहेत. घे."

आणि काय सांगू! टिकलीभोवती हे एवढं कडं! मॅडमसुद्धा दोनदा चष्मा पुसून बघत राहिल्या. "आता पुन्हा कर. ताजी पानं आण."

या वेळी भाची स्वतः खाणीमागं जाऊन पानं तोडून आली. बशी उघडली, तर कडं गायब. जंतू टिकलीला खेटून बसलेले, पंगतीला बसल्यासारखे.

भाचीनं पहिल्या पानांची उरलेली बरणी उघडली आणि नाकाशी धरली. दवाखान्याच्या जिन्यात येतो तो वास! ती तडक घरी आली.

"मावशी, पानं कशानं धुतलीस?"

"कशानं म्हणजे? जंतुनाशकाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवली." मावशीनं तीस वर्षं दवाखान्यात लाद्या पुसलेल्या. "तुझ्या मॅडमना घाणेरडी पानं पाठवू?"

"अगं, जंतू तुझ्या फरशीच्या औषधानं मेले!"

मावशीचा चेहरा एवढासा झाला. भाचीनं डोकं धरलं. मग रडावं की हसावं कळेना म्हणून हसली. "आणि कुत्र्यांना लावताना पण अशीच धुतेस?"

"छे! कुत्र्यांना पानं कोण लावतं? त्यांना मूळ उगाळून लावते."

भाचीचं हसू जागच्या जागी थांबलं. "मूळ? मग मला पानं का दिलीस?"

"मुळाला चिखल असतो गं," मावशी खाली बघत म्हणाली. "चिखलाचं गाठोडं घेऊन तू तिथं जाणार, लोक काय म्हणतील? मावशीला रीत नाही?"

"मावशी, चल. खुरपं घे. आणि त्या बाटलीला हात लावशील तर याद राख!"

चिखलानं माखलेलं मूळ भाचीनं साध्या पाण्यानं धुतलं, अर्क काढला आणि टिकली बशीत ठेवली. शेजारी नुसत्या अल्कोहोलची वाळवलेली टिकली ठेवली, खाणीच्या मातीच्या अर्कात भिजवलेलीही ठेवली. कुणी म्हणायला नको, की पुन्हा दुसऱ्याचंच श्रेय लाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या दोन टिकल्यांभोवती काही नाही. मुळाच्या टिकलीभोवती कडं! पहिल्यासारखं गलेलठ्ठ नाही, अंगानं बारीक, पण स्वच्छ. अकरा मिलिमीटर. पुन्हा केलं, पुन्हा आलं. तिसऱ्यांदाही.

"हे औषध झालं असं समजू नकोस," मॅडम म्हणाल्या. "अजून ढीगभर काम आहे. झाडांचं काम चालू ठेव." मग बशी झाकत, "आणि मावशींना विचार, अजून काय काय लपवून ठेवलंय."

भाचीनं फोन लावला. मावशी म्हणाली, "उद्या येते. पण मुळांचा चिखल पुसून आणते हं?"

"मावशी!!"

आता शपथ घेतलीय म्हणून सांगते. अकरा मिलिमीटर मी केलं. नऊच होतं. गोष्ट माझ्या हातात आली की जरा फुगतेच. भाचीच्या वहीत मात्र नऊच लिहिलंय, तिन्ही वेळा.