दुसऱ्या पानावरचे बाबा

मी निबंधाची वही बोलतेय. शंभर पानी, खाकी कव्हरातली, आठवी ‘ब’मधली. गणिताच्या वहीसारखा माझा तोरा नाही. पान भरलं की झालं, असंच बहुतेक मुलं आम्हाला वागवतात. माझी मालकीण तशी नव्हती. वर्गात तिचा आवाज हजेरीपुरता, बाकी सगळं बोलणं माझ्यापाशी.

आमच्या भाषेच्या बाईंबद्दल वाईट बोलवत नाही. कविता शिकवताना त्या इतक्या रंगायच्या की घंटा झालेली त्यांना कळायची नाही. पण चार तुकड्या आणि वह्यांचा हा ढीग. शेवटी त्यांनी एक वाट काढली होती. पहिलं पान बारकाईने तपासायचं, पुढच्या पानांवर न वाचताच बरोबरच्या खुणा करायच्या आणि खाली शेरा लिहायचा. आम्हा वह्यांना हे ठाऊक होतं, मुलांना नव्हतं. आम्हाला विचारतंय कोण.

त्या आठवड्यात विषय होता ‘माझे बाबा’. पहिल्या पानावर मुलीने बाबांची शीळ, त्यांचं सायकल शिकवणं, चहात बिस्किट बुडालं की रुसून बसणं, असं सगळं लिहिलं. मग बराच वेळ पेन थांबलं. पान उलटून तिने लिहिलं, ‘बाबा चार महिन्यांपूर्वी घर सोडून गेले. आई सगळ्यांना त्यांची बदली झाली असं सांगते. मीही तेच सांगते. बाई, हे फक्त तुम्हाला.’

शुक्रवारी मी तिच्या हाती परत आले ती शेरा घेऊन: ‘उत्तम. वर्गात वाचून दाखव.’

तिने मला झटकन मिटलं. बाईंनी सगळं वाचूनही असं लिहिलं, असंच तिला वाटलं असणार. बाकावर शेजारी तिच्याच इमारतीतली मैत्रीण बसायची, आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. आईने चार महिने झाकून ठेवलेली मूठ आज उघडी पडणार होती.

“बाई, माझा घसा बसलाय.”

“बरं, मग मी वाचते. आण इकडे.”

बाई वाचू लागल्या. बिस्किटाच्या ओळीला वर्ग हसला. माझा जीव मात्र टांगणीला लागला होता. पानाला पान घट्ट चिकटवून बसता आलं असतं, तर मी बसले असते. बाईंनी ओलं बोट लावलं आणि पान उलटलं.

पहिल्याच ओळीवर त्या थांबल्या. वर्ग वाट पाहत होता. मुलगी बाकाची कड धरून बसली होती. मग बाईंनी माझ्यात नसलेलंच वाचायला सुरुवात केली. रविवारी बाबा पंखा दुरुस्त करायला घेतात, एक स्क्रू हमखास उरतो, आई तो डबीत जपून ठेवते. वर्ग पुन्हा हसला.

मैत्रिणीने मान उंचावली. “बाई, हिचं अक्षर केवढं मोठं असतं. एका पानात एवढं मावलं?”

“मावलं. बस खाली.”

तास संपल्यावर बाईंनी मुलीला थांबवून घेतलं. “मी दुसरं पान वाचलंच नव्हतं गं. न वाचताच शेरा दिला. चुकलं माझं.”

मुलगी कितीतरी वेळ माझा कोपरा नखाने खरवडत राहिली. मग म्हणाली, “तुम्ही छान सांगितलंत, बाई. आईला एवढं जमत नाही. सांगताना तिचा आवाज कापतो.”

बाईंनी पर्समधून कपाटाची किल्ली काढली.

तेव्हापासून मी त्यांच्या कपाटात कुलपाआड असते. मधल्या सुट्टीत मुलगी येते, लिहिते आणि जाते. बाई अगदी शेवटच्या शब्दापर्यंत वाचतात, कधीकधी चुका दुरुस्त करायच्याही राहून जातात. माझी आता थोडीच पानं उरली आहेत, म्हणून वह्या तपासणाऱ्या समस्त मंडळींना हात जोडून सांगते, घाई असेल तर आम्हाला चार दिवस उशिरा परत द्या, पण अर्ध्यावर सोडू नका.

परवा मुलीने लिहिलं, ‘बाईंना माहीत आहे, असं मी आईला सांगून टाकलं. मला वाटलं, ती रागावेल. ती म्हणाली, चला, एका माणसापुढे तरी मला आता बदलीचं सांगायला नको.’

बाईंनी ते दोनदा वाचलं. शेरा काही लिहिला नाही.